'चंद्रप्रभा'च्या गच्चीवरचं ऊन

विरारहून आगाशीकडे टांगा निघाला की मैलभरात उजव्या हाताला एक पिवळी इमारत लागायची. तळमजला आणि वर दोन मजले, बारा बिऱ्हाडं, दर्शनी भिंतीवर सिमेंटची चंद्रकोर आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'चंद्रप्रभा'. एकोणीसशे सत्तर साली ती उभी राहिली तेव्हा त्या बाजूला केळीच्या वाड्या, पानवेली आणि बावखलांतलं, म्हणजे वाड्यांतल्या तळ्यांतलं, हिरवं पाणी यांखेरीज काही नव्हतं. आसपासच्या गावांतली माणसं बायकापोरांना घेऊन इमारत बघायला यायची, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवायची. टांगेवाल्यांनी तिथे थांबाच करून टाकला. "चंद्रप्रभाला सोड" म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नसे.

दुसऱ्या मजल्यावर चंद्रकांता राऊत राहायची. सगळे तिला कांतावैनी म्हणत. नवरा, नरहरीभाऊ, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. सासरच्या कौलारू घरात पाच जावांबरोबर चूल सांभाळण्यात कांतावैनीची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे दारावर स्वतःच्या घराची पाटी लागली तेव्हा तिचे पाय जमिनीवर ठरेनात. कुणी आलं की आधी गॅलरी दाखवायची, मग मोरीतला नळ सोडून दाखवायची, आणि पाहुणा एवढ्यावर दमला नसेल तर त्याला गच्चीवर न्यायची. हवा स्वच्छ असली तर तिथून केळीच्या शेंड्यांपलीकडे, राजोडीच्या बाजूला, समुद्राची रेघ दिसायची. "आमच्या गच्चीतून समुद्र दिसतो," असं ती म्हणायची. गच्ची बारा बिऱ्हाडांची होती हे ती सोयीस्करपणे विसरायची. बाकीची अकरा बिऱ्हाडंही ते विसरली होती, कारण हिवाळा लागला की तिथे कांतावैनीची सुकेळी वाळत असत.

राजेळी केळं पिकवून, सोलून, सात-आठ दिवस उन्हात वाळवलं की सुकेळी होते. सांगायला एवढंच. पण अढीतून केळं अर्धा दिवस उशिरा काढलं तर ते बांबूच्या तट्ट्याला चिकटून बसतं, लवकर काढलं तर चिवट होतं. दर दोन तासांनी उलटायचं, ऊन उतरायच्या आत गोळा करून टोपलीत सुक्या पानांखाली झाकायचं, सकाळी पुन्हा मांडायचं. मधाचा रंग आला की केळीच्या खोडाच्या सुक्या सोपटात गुंडाळून पुडी बांधायची. बांधायचीही राऊतांची एक तऱ्हा होती. गाठ मारायची नाही. सोपटाच्याच दोरीचे दोन वेढे द्यायचे, पीळ घालायचा आणि टोक आत खुपसायचं. सासूने हे सगळं पाच सुनांना वगळून कांतावैनीच्या हातात दिलं होतं, आणि त्या पाच जणींना ते अजून पचलेलं नव्हतं.

त्यात राऊतांच्या घरची एक रीत होती. मुलाचं लग्न ठरलं की साखरपुड्याला मुलाच्या आईने स्वतः केलेल्या सुकेळ्यांच्या अकरा पुड्या जायच्या. मुलीकडची मोठी माणसं त्यातली एक पुडी उघडून चाखत आणि मगच ताटातल्या साखरेला हात लावत. कांतावैनीला एकुलता एक मुलगा, हरिश्चंद्र. म्हणजे असा साखरपुडा तिच्या वाट्याला आयुष्यात एकदाच यायचा होता.

राजेळीची लोंगरं यायची ती चंद्रप्रभाच्या कुंपणाला लागून असलेल्या आल्बर्टच्या वाडीतून. आल्बर्टची बायको लूर्डस डोक्यावर सबंध लोंगर घेऊन दोन जिने चढायची आणि दारातून हाक मारायची, "वैनी, राजेळी हाय!" कांतावैनी उंबऱ्याच्या आतूनच फणी न् फणी दाबून बघायची, नाक मुरडायची आणि म्हणायची, "बरं, ने गच्चीवर." लूर्डस गच्चीवर लोंगर उतरवायची आणि घाम पुसता पुसता वैनीचं तट्ट्यावरचं काम बघत घटकाभर बसायची. पाणी मागितलं तर कांतावैनी तांब्या भरून द्यायची, नाही असं नाही. पण बारा वर्षांत "आत ये, बस," हे काही तिच्या तोंडून निघालं नाही. त्यात दुष्टावा नव्हता. वाडीतली बाई दारातून बोलते आणि जाते, यात काही खुपण्यासारखं आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर आल्बर्टच्या वाडीतल्या केळी तुटल्या. मागोमाग कुणीतरी मोकळ्या जमिनीवर फक्कीने पांढऱ्या रेषा आखल्या. चंद्रप्रभाची माणसं विचारायला गेली तर बिल्डर स्वतः उठून आला, घरोघरी चहा प्याला आणि म्हणाला, "बिल्डिंग तिकडे, रस्त्याच्या अंगाला. तुमच्या कुंपणाकडे बगीचा. मुलांना झोपाळे, म्हाताऱ्यांना बाकडी." कांतावैनीने त्याला बशीत घालून सुकेळी दिली. त्याने दोन खाल्ली आणि तिसरी खिशात घातली. आठवण झाली की पुढे कित्येक महिने कांतावैनीला स्वतःच्याच हाताचा राग यायचा.

बगीच्याच्या जागी तळमजल्यावर चार मजले चढले. नाव ठेवलं 'सी ब्रीझ अपार्टमेंट'. समुद्राच्या वाऱ्याचं नाव घेतलं आणि तोच वारा अडवला! चंद्रप्रभाच्या गॅलऱ्यांत संध्याकाळी बसण्यात अर्थ उरला नाही. सी ब्रीझवाल्यांनी बोअर मारली आणि चंद्रप्रभाची विहीर मार्चमध्येच तळाला गेली. समुद्राची रेघ होती तिथे आता लोकांच्या मोऱ्यांच्या खिडक्या आल्या. आणि टांगेवाले! बारा वर्षं ज्यांनी चंद्रप्रभाचं नाव घेतलं ते महिन्याभरात फिरले. एकदा कांतावैनी स्टेशनवर टांग्यात बसली, "चंद्रप्रभा" म्हणाली, तर तो नवीन टांगेवाला मागे वळून विचारतो, "म्हणजे सी ब्रीझच्या मागची जुनी बिल्डिंग का?"

जुनी! ती घरी आली ती तणतणतच. "तेरा वर्षं झालीत फक्त. तेरा वर्षांत माणूस तरी जुना होतो का?"

"माणसावर अवलंबून आहे," नरहरीभाऊ म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

पण वारा, विहीर, टांगा हे सगळं एकवेळ तिने गिळलं असतं. गिळवलं नाही ते एकच. जमिनीच्या बदल्यात आल्बर्टला सी ब्रीझच्या चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. कालपर्यंत जी दारात लोंगर घेऊन उभी असायची ती लूर्डस आता कांतावैनीच्या डोक्यावर दोन मजले राहू लागली, आणि तिला वर जायला लिफ्ट होती. कांतावैनी गॅलरीत कपडे झटकायला आली की वरून हाक यायची, "वैनी, जेवलात काय?" लूर्डस प्रेमानेच विचारायची. पण उत्तर द्यायला मान वर करावी लागायची, आणि तिथेच तर सगळं दुखणं होतं.

फादरांना बोलावून लूर्डसने नव्या घराला आशीर्वाद घेतला, तेव्हा आमंत्रण द्यायला ती जोडीने आली. त्या दिवशी कांतावैनीचं नेमकं डोकं दुखलं. नरहरीभाऊ एकटे गेले आणि केकचा तुकडा कागदात घेऊन परत आले. डोकं दुखत असलेली बाई ताडकन उठून बसली.

"लाद्या कसल्या आहेत?"

"पायाखाली होत्या. बऱ्या होत्या."

"मोझॅक का? आपल्यासारख्या?"

"आपल्यापेक्षा मोठ्या वाटल्या."

"स्वैपाकाचा ओटा?"

"काळा. तोंड दिसतं त्यात."

"आणि समुद्र दिसतो?"

नरहरीभाऊ तीस वर्षं संसार करूनही शहाणे झाले नव्हते. ते म्हणाले, "दिसतो म्हणजे काय, शिडं मोजता येतात!"

केक तिने तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी कामवालीला दिला, आणि तीही "काय मऊ आहे हो!" म्हणाली.

याच्या पुढच्याच हिवाळ्यात हरिश्चंद्रचं लग्न ठरलं. मुलगी वटारच्या चौधरींची, प्रेमलता. साखरपुडा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी धरला. कांतावैनीने हिशेब केला: अढीला पाच दिवस, वाळायला आठ, वर दोन दिवस हाताशी. नरहरीभाऊंना पिटाळून तिने नाळ्याहून राजेळीचं लोंगर आणवलं, कारण लूर्डसच्या भावाची वटारला वाडी असली तरी तिच्याकडे मागणं शक्यच नव्हतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिने गच्चीवर तट्टे मांडले, केळी सोलून एकसारखी लावली आणि डोळ्यांवर हात धरून वर बघितलं.

दीड वाजेपर्यंत सगळं ठीक होतं. दीडला सी ब्रीझच्या पाण्याच्या टाकीची सावली पहिल्या तट्ट्यावर आली. कांतावैनीने तट्टा सरकवला. दोनला सावली पुन्हा पोचली. अडीचला ती गच्चीच्या कोपऱ्यात उरलेल्या दोन हात उन्हात तट्टे एकमेकांवर चढवून उभी होती, आणि तीनला तेही ऊन गेलं. आधीच्या साली इमारत अर्धवट होती तेव्हा कसंबसं निभावलं होतं. आता पुरे चार मजले आणि वर टाकी, आणि हिवाळ्याचं ऊन तर नेमकं त्याच अंगाने यायचं.

तिसऱ्या दिवशी ती अशीच तट्टा ओढत असताना वर नजर गेली. सी ब्रीझच्या गच्चीवर, भर उन्हात, लूर्डस ओणवी होऊन काहीतरी उलटत होती. एक उलटलं की दोन बोटांनी दाबायचं, मग पुढचं. कांतावैनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते दाबणं तिचं होतं. तिच्या सासूचं होतं! बारा वर्षं घाम पुसायच्या निमित्ताने बसून ही बया शिकत होती तर!

लूर्डसने खाली बघितलं आणि हात हलवला. "वैनी! तिथं सावली झाली! वर घेऊन या, इथं पाच वाजेस्तोवर ऊन हाय!"

कांतावैनीला नीट ऐकू आलं. तरी तिने न ऐकल्यासारखं केलं आणि पाठ फिरवून रिकामी टोपली झटकत राहिली.

आता खरं बोलायचं तर तिने त्या वेळी वर जायला हवं होतं. लिफ्ट होती, ऊन होतं, बोलावणं होतं. पण मत्सर एकदा अंगात शिरला की माणसाला स्वतःचं नुकसान गोड लागतं. कांतावैनीला वाटलं, लोंगर घेऊन मी तिच्या दारात जाऊ? मी? त्यापेक्षा अर्ध्या दिवसाच्या उन्हात दहा दिवस लावू. जणू सुकेळीला तिचा मान कळत होता.

पाचव्या दिवशी टोपली उघडली तेव्हा ताडीसारखा आंबूस वास आला. तिने एक केळं मोडलं, आतून तार सुटली. त्यावर तिने आणखी एक चूक केली, जी कुठल्याही राऊताच्या सुनेने केली नसती: उरलेली केळी शेगडीवर तवा पालथा घालून त्यावर शेकली. सासू वरून बघत असती तर तिने तिथूनच चिमटा फेकून मारला असता. सुकेळी काळवंडली, घरभर जळक्या गुळासारखा धूर झाला. शेवटी तिने सगळी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि चंद्रप्रभाच्या कचऱ्यात न टाकता रस्त्यापलीकडे नेऊन टाकली, कुणी बघू नये म्हणून. घरी येऊन ती मोरीत बसून रडली. आधी तिला वाटलं आपण हरिश्चंद्रसाठी रडतोय. पण डोळ्यांसमोर सारखी ती सी ब्रीझची गच्ची येत होती.

चार दिवस राहिले तेव्हा नरहरीभाऊंनी पिशवी टेबलावर ठेवली. "आगाशीच्या बाजारात मिळाली. अकरा आहेत. कुणाला कळतंय?"

कांतावैनीने एक पुडी हातात घेतली. गाठ नव्हती. दोन वेढे, पीळ, आणि टोक आत खुपसलेलं.

"आगाशीला मिळाली?" तिने विचारलं.

"हो."

"कुठल्या दुकानात?"

नरहरीभाऊ चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

तिने पुडी सोडली. आतली सुकेळी मधाच्या रंगाची, एकसारखी, बोटांना न चिकटणारी. तिने तुकडा तोंडात टाकला आणि तिचा जीव जळून गेला. वाईट असती तर तिने आनंदाने फेकून दिली असती. ती चांगली होती. तिच्या स्वतःच्या गेल्या साली झालेल्या सुकेळीपेक्षा चांगली होती, कारण हिने दिवसभराचं ऊन खाल्लं होतं. कांतावैनीने पुडी पुन्हा बांधली आणि अकराच्या अकरा पितळी डब्यात ठेवल्या. दुसरा उपाय नव्हता.

वटारला चौधरींच्या ओटीवर पन्नासेक माणसं जमली होती. कांतावैनी डबा मांडीवर घेऊन बसली आणि समोर बघते तो पाहुण्यांना सरबत देत लूर्डस फिरते आहे. तिचं माहेर चौधरींच्या कुंपणाला लागून होतं, हे कांतावैनीला ठाऊक होतं. ती कामाला येईल हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आज लूर्डसने सगळ्यांसमोर एक शब्द उच्चारला असता तरी पुरे झालं असतं. पाच जावाही मागच्या रांगेत कान टवकारून बसल्याच होत्या.

प्रेमलताची आत्या, विमलाआत्या, पुढे सरसावली. जीभ तिखट म्हणून ती गावात प्रसिद्ध होती. तिने पुडी सोडली, सुकेळी उजेडाकडे धरून बघितली, तुकडा मोडला, डोळे मिटून चावला.

"वा!" ती म्हणाली. "अशी सुकेळी पुष्कळ वर्षांत खाल्ली नाही. हिने तर पुऱ्या दिवसाचं ऊन खाल्लंय." मग तिने डोळे उघडले. "पण काय हो विहीणबाई, तुमच्या पुढ्यात म्हणे मोठी बिल्डिंग झाली? मग हे ऊन कुठलं?"

मागून एका जावेचं खाकरणं ऐकू आलं.

"आमच्या गच्चीवरचं," लूर्डस सरबताचा ट्रे सावरत म्हणाली. "वैनींनी आमच्याकडे वाळवली. शेजारी कशाला आसतात मग?"

"हात मात्र यांचाच हो," विमलाआत्या म्हणाली.

"त्यांचाच. माझा कुठला?" लूर्डस म्हणाली आणि पुढच्या पाहुण्याकडे गेली.

सगळे खूश झाले. साखर वाटली गेली, प्रेमलताने वाकून नमस्कार केला, जावांनी तोंडं वाकडी केली. आयुष्यात एकदाच येणारा तो मान कांतावैनीला मिळाला, आणि त्यातला एक कणही तिचा नव्हता. लूर्डसने तोंड उघडून आपली अब्रू घेतली असती तर निदान तिच्यावर उघड उघड रागावता आलं असतं, असं तिला परतताना टांग्यात सारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ती सी ब्रीझच्या जिन्याशी उभी होती. वीज गेली होती, लिफ्ट बंद. याचा तिला बारीकसा आनंद झाला, पण तो दुसऱ्या मजल्यापर्यंतच टिकला. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली. तिने दार ठोठावलं.

"वैनी!" लूर्डसने पदराला हात पुसले. "या, आत या."

"इथंच बरी आहे मी. एवढंच विचारायला आले. माझ्यासाठी खोटं बोलायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाय."

"मग?"

"वैनी, बारा वर्षं मी तुमच्या उंबऱ्यावर उभी राहिली. डोक्यावर लोंगर घेऊन. उभ्या माणसाचे पाय कसे दुखतात ते मला ठाऊक हाय. आधी आत या, मग भांडा."

कांतावैनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चपला दाराशी काढून ती आत गेली. लाद्या खरंच मोठ्या होत्या. ओटा काळा होता आणि त्यात तिचं घामेजलेलं तोंड दिसलं. खुर्चीत बसून ती गटागट पाणी प्याली, आणि तेवढ्या वेळात तिने पंखा, कपाट, खिडक्यांचे गज, सगळं बघून घेतलं. एकही वस्तू अशी नव्हती जी तिला आपल्या घरी नेऊन ठेवावीशी वाटली नाही.

"मी तुमची गॅलरी बघायची," लूर्डस आपणहून म्हणाली. "वाडीत शेण काढताना वर बघायची. तुम्ही पांढरी चादर झटकायच्या. वाटायचं, मला एक दिवस तिथनं खाली बघायला मिळालं पायजे. जळायची मी तुमच्यावर, खोटं कशाला बोलू? चला, दुसरी अढी काढलीय, जरा बघून सांगा."

गच्चीवर ऊन कसं लख्ख पडलं होतं! चार तट्टे भरून केळी मांडलेली. कांतावैनीचे हात आपोआप पुढे झाले, पण आधी ती कठड्याशी गेली. खाली चंद्रप्रभाची गच्ची दिसत होती, केवढीशी, कडेला तिचेच रिकामे तट्टे उभे. मग ती दुसऱ्या अंगाला वळली. समुद्र होता. नुसती रेघ नाही, चांगला रुंद पट्टा. तिने पापण्या मिटल्या. बघवेना.

पुन्हा उघडल्या तेव्हा तिला जवळचं दिसलं. सी ब्रीझच्या कुंपणापलीकडे, आल्बर्टच्या चुलतभावाच्या, थॉमसच्या वाडीत केळी तुटलेल्या होत्या. मोकळ्या जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा होत्या.

"तिथे काय होतंय?" तिने विचारलं.

"बगीचा," लूर्डस म्हणाली. "बिल्डर घरी आला होता. झोपाळे, बाकडी सगळं करणार. मी म्हटलं, बरं झालं."

कांतावैनी रेषांकडे बघत राहिली. लांबलचक चौकोन, आत ओळीने लहान लहान चौकटी. दोन वर्षांपूर्वी असल्या चौकटींचा अर्थ तिला कळला नव्हता. आता कळत होता. प्रत्येक चौकटीत एक खड्डा, प्रत्येक खड्ड्यात एक खांब. तिने मोजल्या. सी ब्रीझला होत्या त्याच्या दुप्पट होत्या आणि जास्त दाट, म्हणजे इमारत नुसती लांब नव्हती, उंचही होती. झोपाळ्याला एवढे खांब लागत नाहीत.

आणि तिला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, पोटातून वर येणारा, गुदगुल्या करणारा आनंद झाला. हिचंही ऊन जाणार! हिचा समुद्र, हिचा वारा, हिच्या या मोठमोठ्या लाद्यांवरचा उजेड, सगळं जाणार, आणि टांगेवाले हिच्या बिल्डिंगला जुनी म्हणणार! दोन वर्षांत पहिल्यांदाच लूर्डसला ठाऊक नसलेलं काहीतरी आपल्यापाशी आहे, ते लगेच सांगून टाकू नये, चार दिवस तोंडात घोळवावं, असं तिला वाटलं.

"वैनी, ही बघा ना," मागून लूर्डस म्हणाली. ती तट्ट्याशी उकिडवी बसली होती. "पुढच्या साली आठ तट्टे मांडीन म्हणते. अर्धे तुमचे. रोज वर यायचं तेवढं."

पुढच्या साली. कांतावैनीने तट्ट्याकडे बघितलं, खाली आपल्या गच्चीकडे बघितलं. या सगळ्या टापूत सुकेळी नीट वाळेल अशी ही एकच गच्ची उरली होती. तोंडात घोळवायला घेतलेली गोष्ट एकाएकी कडू लागली.

"लूर्डस," ती म्हणाली, "तो बगीचा नव्हे गं."

तिने बोट दाखवून चौकटी समजावल्या. खड्डा, खांब, मजला. बिल्डरने आपल्याकडे चहा पिऊन काय सांगितलं होतं तेही, शब्द न् शब्द. लूर्डस उठून कठड्याशी आली. तिने चौकटी मोजल्या, मग सूर्याकडे बघितलं, मग पुन्हा चौकटींकडे. तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला तो कांतावैनीने बघितला, आणि असला उतरलेला रंग आपल्याला ओळखीचा आहे हे तिला कळलं.

"वैनी," लूर्डस म्हणाली, "तुमचं ऊन गेलं तवा तुम्हाला काय वाटलं?"

एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, मुलाने नाही, सोसायटीने तर अर्ज लिहून विषय मिटवला होता. या बाईशी आता खोटं बोलणं तिला जमेना.

"तुझा गळा दाबावासा वाटला."

लूर्डसने मान डोलावली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. "मला आता थॉमसचा दाबावासा वाटतो," ती म्हणाली.

"दाब. पण आधी ही केळी उलट. किती वेळ झाला?"

दोघी तट्ट्याच्या दोन टोकांना बसल्या. उलटायचं, दोन बोटांनी दाबायचं, पुढचं घ्यायचं. अर्ध्यावर आल्या तेव्हा कांतावैनीने कठड्यातून खाली बोट दाखवलं. दीड वाजला होता. सी ब्रीझच्या टाकीची सावली चंद्रप्रभाच्या गच्चीवर सरकत होती, रिकाम्या तट्ट्यांपर्यंत आली होती. लूर्डस हातातलं केळं तसंच धरून खाली बघत राहिली. इथे राहायला आल्यापासून तिने ती सावली नीट अशी पहिल्यांदाच बघितली.